नाताळच्या पेटीतला इराणी : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४

काम पक्कं झालं. गिरगावातल्या आंटींच्या पोटमाळ्यावर नाताळच्या सामानाच्या दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक मोठा खोका आहे. त्यातल्या वस्तूंची नोंद, फोटो, नीट बांधणी, आणि डिसेंबरात वाडीतल्या छोट्या हॉलमध्ये मांडणी एवढं करायचं. भाचीची त्यात भर अशी की याच हॉलमध्ये दुसऱ्या टेबलावर गिरगाव ते धोबीतलाव पट्ट्यातली जुनी खाण्याची ठिकाणं दाखवू. इराणी हॉटेलं, खानावळी, बेकऱ्या. मी हो म्हटलं, पण त्या टेबलावर ठेवायचं काय?

नाताळचं टेबल आपोआप भरेल. हॉटेलांचं रिकामंच राहणार असं दिसतंय. कपबशा रोज फुटायच्या, रोज नव्या यायच्या. भाव फळ्यावर किंवा आरशावर लिहिलेले, ते पुसून नवे लिहायचे. हॉटेल बंद झालं की खुर्च्या-टेबलं चोरबाजारात, आणि तिथून ज्यांना परवडतात त्यांच्या दिवाणखान्यात. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रम खानावळीची आठवण काढणारे शंभर भेटतील, पण त्यांच्यातल्या कोणाकडे तिथली साधी वाटीही नसेल. रोज वापरातली वस्तू कोण जपून ठेवतो?

२६ ऑक्टोबर

पहिली ट्रंक उघडली. वर डांबरगोळ्यांचा वास, खाली कागदाचे बोळे. एकेका बोळ्यात एकेक काचेचा गोळा.

आंटी खुर्चीत बसून सूचना देत होत्या. "कागद तिथे टाक, गोणीत. गोळे इकडे दे."

गोणी पायापाशी घेऊन बसलो. पहिला बोळा सोडवला तर आत लिंबाएवढी घंटा. गुलाबी रंग, मध्ये पांढऱ्या भुकटीचा पट्टा, आणि आतल्या चांदीला खालच्या बाजूला तपकिरी ढग आलेले. वरची पत्र्याची टोपी अलगद फिरवून भिंगाखाली धरली. ठसा होता 'वेस्ट जर्मनी'. या कामात टोपी म्हणजे जन्मदाखला. नुसतं 'जर्मनी' असेल तर बहुधा युद्धाआधीचा माल, 'यूएस झोन' असेल तर १९४५ ते १९४९ मधला, आणि 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ नंतरचा, १९९० च्या आतला. अर्थात टोप्या बदलता येतात. गोळ्याच्या मानेला ती नीट बसते का, तेही पाहावं लागतं. ही बसते.

गोणीत टाकायला म्हणून तो बोळा उलगडला, तर वर्तमानपत्र नव्हतंच. पिवळट मेणकागद, त्यावर लाल शाईत एका इराणी बेकरीचं नाव इंग्रजीत आणि गुजरातीत, खाली टेलिफोनचा सहाच आकडी नंबर.

गोणी बाजूला सारली. यापुढे एकही कागद टाकायचा नाही, असं भाचीला वहीत लिहायला लावलं.

२७ ऑक्टोबर

आजचा दिवस कागद सोडवण्यात गेला. गोळे तसेच कापसावर ठेवलेत, ते कुठे पळत नाहीत.

गणित असं दिसतंय. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाड उतरवलं की घरात जो कागद पडलेला असेल, त्यात गोळे गुंडाळायचे. आणि नाताळनंतर घरात पडलेला कागद कसला? केकचा खोका, पावाची पिशवी, खारीचं वेष्टन, मिठाईच्या पुड्याचा कागद. हॉटेलवाल्यांनी फेकलेलं आणि गिऱ्हाइकांनी फेकलेलं जे काही होतं, त्यातला थोडा हिस्सा या ट्रंकेत अडकून राहिला. वर्षातून पंधरा दिवस बाहेर यायचं आणि उरलेले साडेअकरा महिने अंधारात. कागदाला याहून चांगलं काय हवं!

तेव्हा दुसऱ्या टेबलाचा प्रश्न सुटला. दोन टेबलं नकोतच. एकाच टेबलावर गोळा आणि शेजारी त्याचा कागद.

आंटींना हे पटलेलं नाही. "कचरा मांडणार तू? लोक मला हसतील." मी म्हटलं, आंटी, लोक कागदाचेच फोटो काढतील, बघा तुम्ही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज असल्यामुळे भाची उशिरा आली. तोवर धुण्यावरून वाद.

"ओल्या फडक्यानं पूस ना रे, किती ती धूळ."

तेच तर करायचं नाही. या गोळ्यांची चांदी आतून असते. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण मानेतून आत ओतून फिरवतात, आरशासारखा थर बसतो. रंग मात्र बाहेरून, तोही पातळ लाखेसारखा. पाणी लागलं की रंग फडक्यावर येतो, आणि मानेतून एक थेंब आत गेला की चांदीचे पोपडे सुटतात. टोपीखाली, जिथे दिसणार नाही अशा जागी, ओलसर कापसाची काडी फिरवून आंटींना दाखवली. कापूस गुलाबी झाला. मग त्या गप्प बसल्या. आता मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, बस्स. पांढऱ्या भुकटीच्या पट्ट्यांना तर ब्रशही नाही.

ही कला जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या लाउशा गावची. काच फुंकणाऱ्यांच्या या गावात १८४० च्या दशकापासून झाडाचे गोळे होऊ लागले, आणि १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या वूलवर्थ दुकानांनी ते मागवायला सुरुवात केली तेव्हा घरोघर काम चाललं. पुढे १९३९ च्या सुमारास कॉर्निंग कंपनीनं विजेच्या बल्बच्या काचा करणारं यंत्रच गोळ्यांना जुंपलं. त्यातून 'शायनी ब्राइट' नावाचा माल निघाला, जो आज संग्राहकांचा जीव की प्राण. युद्धात धातूची टंचाई आली तेव्हा या गोळ्यांना आत चांदी नाही, पारदर्शक काचेवर नुसते रंगीत पट्टे, आणि टोपी पुठ्ठ्याची. गंमत म्हणजे तेव्हाचे हे गरिबीचे गोळेच आज लोक हुडकत फिरतात. आंटींकडे त्यातला एकही नाही.

त्यांच्याकडे जे आहे ते बहुतेक आगबोटीवरून आलेलं. त्यांचा थोरला काका बोटीवर स्टुअर्ड होता, हॅम्बुर्गला गेला की एखादा डबा आणायचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, बाजारात परदेशी गोळे मिळेनासे झाले, म्हणून असलेले असे जपले गेले.

९ नोव्हेंबर

खोक्यातला धोक्याचा माल वेगळा काढला. दोन गोष्टी.

एक म्हणजे चांदीच्या झिरमिळ्या. हातात घेतल्या तर वजन लागतं, वाकवल्या तर वाकून राहतात. हे शिसं. आजच्या प्लास्टिकच्या झिरमिळ्या पंख्याच्या वाऱ्यानं उडतात, या सरळ खाली लोंबतात, म्हणून झाडावर त्या सुंदर दिसायच्या हे मान्यच. अमेरिकेत १९७२ पासून त्या बंद पाडल्या. हातमोजे घालून पिशवीत भरल्या, वर चिठ्ठी लावली. मांडायच्या, पण काचेआड, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

दुसरा सेल्युलॉइडचा सांताक्लॉज. बोटाएवढा, पोकळ, गाल अजून लाल. तळाला 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. हा शिक्का १९४७ ते १९५२ एवढ्याच काळातला, म्हणजे याचं वय मला हुडकावं लागलं नाही. नाकाशी धरला तर कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर घालतातच. भुरकन पेटणारी चीज आहे. शिवाय म्हातारपणी त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या वस्तू खाते. बंद डब्यात कोंडायचा नाही, दिव्याजवळ ठेवायचा नाही, चांदीच्या गोळ्यांजवळ तर मुळीच नाही. आंटी म्हणाल्या, "लहानपणी मी हा तोंडात घालायची." काय बोलणार!

१६ नोव्हेंबर

आज सापडलेल्या कागदासाठी ही सबंध नोंद.

निळसर घंटेभोवती गुंडाळलेली पावती. हाताच्या तळव्याएवढी, रेघा मारलेली, वर छापील नाव (इथे देत नाही, मालकांच्या वारसांना विचारल्याशिवाय नाही), पत्ता संपतो 'मुंबई २' वर. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलंय : प्लम केक २ पौंड, मावा केक १ डझन, खाली ॲडव्हान्स. रकमेच्या रकान्यांवर छापलंय 'रु.' आणि 'न. पै.' तारखेच्या जागी २२ डिसेंबर, सालाची जागा मात्र नेमकी घडीवर येऊन झिजलेली.

साल काढायचं कसं? 'न. पै.' म्हणजे नये पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि 'नये' हा शब्द १ जून १९६४ ला गळाला. म्हणजे पावतीपुस्तक या सात वर्षांतलं. पुस्तक जुनं आणि पावती नंतरची असू शकते, दुकानदार छापलेले कागद वाया घालवत नाहीत. 'मुंबई २' नं काही फारसं कळत नाही, सहा आकडी पिनकोड १९७२ चा, त्याआधी असाच पत्ता लिहायचे. भाचीनं पौंडावर बोट ठेवलं, की मामा, मेट्रिक वजनं आली ना तेव्हा? आली, १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. पण केक लोक आजही पौंडातच मागतात, तेव्हा पौंडावरून काही सिद्ध होत नाही.

मदतीला आला दुसरा कागद. याच गोळ्याला आत आणखी एक थर होता, 'मराठा'च्या पानाचा तुकडा. अत्र्यांचं हे दैनिक १९५६ च्या नोव्हेंबरात निघालं. तुकड्यावर तारीख नाही, पण सिनेमाच्या जाहिराती आहेत. चित्रपटांची नावं लावून पाहू. तोवर नोंदवहीत '१९५७ ते १९६४, बहुधा' एवढंच.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. शाईचं बोट घेऊन धोबीतलावला गेलो. कयानीत (१९०४ पासूनचं इराणी हॉटेल) बसून टेबलांची मापं डोळ्यांनी घेतली. संगमरवरी पाट्याची जाडी, बरण्यांची झाकणं, गल्ल्याची उंची. आमच्या टेबलाला तोच बांधा द्यायचा विचार आहे.

मग एक काका भेटले. फोर्टातल्या एका इराण्याकडे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वाढप्याचं काम केलं, आता चिराबाजारात मुलाकडे असतात. पावतीचा फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हसले.

"हे हॉटेलचं बिल नाही. हे बेकरीचं. हॉटेलात कसलं बिल? गिऱ्हाईक उठलं की मी इथून ओरडायचो, दो चाय, एक ब्रून मस्का, इतके पैसे. गल्ल्यावर शेटला ऐकू गेलं की झालं. कागद कशाला खराब करायचा?"

"आणि गर्दीत ऐकू नाही गेलं तर?"

"अहो, शेट झोपलेला असला तरी पैशाचा आकडा ऐकायचा."

एवढं सोपं उत्तर, आणि आम्ही त्या काळातली बिलं कुठे मिळतील म्हणून रद्दीवाले पालथे घातले होते. जे लिहिलंच जात नव्हतं ते मिळणार कुठून? उरतात त्या फक्त ऑर्डरच्या पावत्या, म्हणजे नाताळ, ईस्टर, लग्न. रोजच्या चहाचा पुरावा मागे राहिलाच नाही. त्याचा आवाज तेवढा काकांच्या गळ्यात आहे. तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेतला. दोन चहा आणि एक ऑम्लेट पाव असा पुकारा त्यांनी तीनदा करून दिला, तिसऱ्या वेळी सून आतून बाहेर येऊन बघून गेली.

खुर्च्यांचंही त्यांनीच सांगितलं, उलटी करून बघ, खाली चिठ्ठी किंवा ठसा असतो. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या या खुर्च्या युरोपातून आल्या. मिखाएल थोनेटनं १८५९ मध्ये काढलेल्या १४ नंबरच्या खुर्चीला लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट पुरायचे, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. जहाजानं जगभर जायला याच गुणानं त्या लायक ठरल्या. काकांना खुर्चीचा इतिहास माहीत नव्हता, पण कुठल्या खुर्चीचा कुठला स्क्रू ढिला होतो हे पाठ होतं.

२४ नोव्हेंबर

कागदांची डागडुजी. चुरगळलेले कागद इस्त्रीनं सपाट करायचे नाहीत, मेणकागद तर नाहीच. बंद प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओलसर टीपकागद, वर जाळी, जाळीवर कागद. काही तासांत तो सैलावतो, मग टीपकागदांमध्ये घालून वजनाखाली. कॉपिंग पेन्सिलीची पावती या उपायातून वगळली, ती शाई ओलाव्यानं पसरते. तिच्या घड्या तशाच राहू देत.

लॅमिनेशन करून घ्या असं तीन जणांनी सुचवलं. नाही. एकदा चिकटवलं की ते परत निघत नाही. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणली, त्यात कागद नुसता सरकवायचा.

भाचीला लेबलांना चहाचे डाग द्यायचे होते, जुनाट दिसायला. त्यावर जरा जास्तच बोललो असेन. पण हल्ली गंमत अशी झालीय की इराण्याचा नवा देखावा खऱ्या इराण्यापेक्षा झकास दिसतो. लंडनात २०१० मध्ये 'डिशूम' निघालं ते मुंबईच्या इराण्यांच्या आठवणीवर, आणि ते चांगलं चालतंय, त्यांना लखलाभ. आमच्यासमोर मात्र खरा डाग असलेले कागद आहेत. त्यांच्या शेजारी खोटा डाग ठेवला तर बघणारा खऱ्यावरही शंका घेईल. लेबलं पांढऱ्या कागदावर, साध्या टाइपात.

१ डिसेंबर

लेबलांचा मजकूर. कोपऱ्यावरची जागा हिंदूंना अशुभ वाटायची म्हणून इराण्यांना मिळाली, ही गोष्ट प्रत्येक लेखात असते, आपण गाळू. त्याऐवजी लिहिलं की इराणी हॉटेलवाले सगळे पारशी नव्हते, त्यांत झरथुष्ट्री होते तसे इराणहून आलेले मुसलमानही होते. आणि पावतीवरचा केक खाणारं घर ईस्ट इंडियन, म्हणजे इथलं मूळचं मराठी बोलणारं ख्रिस्ती घर. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं. केक इराण्याकडून, कलकल आणि न्यूऱ्या हे गोड पदार्थ घरात, तारा बांबूच्या कामट्यांचा. एका घरचा नाताळ किती जणांच्या हातून व्हायचा ते या टेबलावर नुसतं बघून कळतं, लेबल लांबवायची गरज नाही.

नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, आंटींनी थाळीत नाचणी पेरली. हिरवळ दिसायला हवी तर पेरणी वेळेवर हवी, त्यांचं वेळापत्रक माझ्यापेक्षा पक्कं आहे.

८ डिसेंबर

संगमरवराचा पाटा एका ओळखीच्यांनी दिला. दोन माणसांनी उचलला. टेबलाचे पाय लोखंडी हवे होते, लाकडी मिळाले. चालेल.

१४ डिसेंबर

मांडणी. हॉल दमट आहे, काचपेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. दिवा वरून नको, बाजूनं, आणि कागदांवर थेट नको. घंटा आणि पावती पाट्याच्या मधोमध. मोबाइलवर काकांचा पुकारा, बटण दाबलं की ऐकू येतो.

२१ आणि २२ डिसेंबर

लोक आले, बरेच आले. अपेक्षेप्रमाणे कागदांपाशी गर्दी. आंटी दोन्ही दिवस पावतीशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि जो येईल त्याला "हे मी फेकून देणार होते" असं स्वतःहून सांगत राहिल्या.

मेणकागदाची बेकरी एका आजोबांनी ओळखली. मावा केक कुठला चांगला यावर दोन गट पडले. ग्रँट रोडच्या मेरवानचं (१९१४) नाव आलं, २०१४ मध्ये ते बंद होणार म्हणून सकाळी लागलेल्या रांगा आणि नंतर पुन्हा उघडलेलं दुकान, सगळं निघालं. एका बाईंनी घरी असाच डबा असल्याचं सांगितलं. कागद टाकू नका एवढंच म्हटलं, फोन नंबर घेतला.

'मराठा'च्या तुकड्यावरच्या एका चित्रपटाचं नाव एका गृहस्थांनी नुसत्या जाहिरातीतल्या चेहऱ्यावरून सांगितलं. तपासायचं आहे. बरोबर निघालं तर साल आणखी आवळता येईल.

६ जानेवारी २०२५

तीन राजांचा सण, झाड उतरवायचा दिवस. गोळे आता आम्लमुक्त टिश्यूत, एकेक खणात. वर्तमानपत्र नाही, त्याच्या कागदात आम्ल असतं. जुने कागद त्यांच्या गोळ्याच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलीत. सांता वेगळ्या, भोकं पाडलेल्या खोक्यात.

आंटींची अट एकच होती की यंदाचंही काहीतरी पेटीत गेलं पाहिजे. डिसेंबरभर जिथे जिथे खाल्लं तिथली बिलं भाचीनं साठवली होती. ती बघितली तर अर्धी आत्ताच फिकी. थर्मल कागद, उष्णतेनं छपाई होते आणि काही वर्षांत कोरा होतो. मेन्यूच्या जागी तर क्यूआर कोड, त्यात ठेवण्यासारखं काहीच नाही. बिलांच्या झेरॉक्स काढल्या, मागे पेन्सिलीनं ठिकाण, तारीख आणि काय खाल्लं ते लिहिलं. केकच्या खोक्याचं झाकण कापून सपाट केलं, तेही ठेवलं.

बाकी काम : चित्रपटाचं नाव तपासणं, पावतीवरच्या बेकरीच्या वारसांना पत्र, त्या बाईंचा डबा बघायला कधी येऊ म्हणून फोन.